आवा आणि ओव्हन

भारतातून कोणी नेदरलँड्सला आलं की आपण सगळे त्यांना साधारण त्याच ठिकाणी नेतो. एप्रिल असेल तर कुकेनहॉफ, नसेल तर झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या, मग अ‍ॅमस्टरडॅमचे कालवे आणि एखादा दिवस उरला तर डेल्फ्ट. डेल्फ्टच्या मार्क्टवर पाहुणे निळ्या-पांढऱ्या दुकानांसमोर थबकतात. एखादी बशी हातात घेतात, उलटी करून किंमत बघतात, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि बशी अलगद जागेवर ठेवून फ्रिजवर लावायचं चुंबक विकत घेतात. मी चौदा वर्षं डेल्फ्टमध्ये राहतो. हा दौरा मी तीसेक वेळा तरी केला असेल. गुणाकाराचा निकाल दर वर्षी फुगत जातो, बाकी काही बदलत नाही.

संपादकांनी यंदा 'तुम्ही राहता त्या गावाबद्दल लिहा' असं सांगितलं. डेल्फ्टबद्दल लिहायचं तर निळ्या रंगाबद्दल सगळेच लिहितात. मला त्या निळ्याच्या खालच्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे: माती, तिच्यावरचा लेप आणि आग. त्याला एक घरगुती कारण आहे. मी कुंभाराचा नातू आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात माझ्या आजोबांचं चाक होतं. वडिलांनी ते सोडलं, पुण्यात कारखान्यात नोकरी धरली, आणि मी तर थेट इथे येऊन संगणकासमोर बसलो. घरात त्या चाकाबद्दल फारसं बोललं जात नसे. डेल्फ्टमध्ये राहिलो नसतो तर मीही कधी विचारलं नसतं.

पोर्सेलिन नसलेलं पोर्सेलिन

पहिली गंमत अशी की ज्याला आपण कौतुकानं 'डेल्फ्टचं पोर्सेलिन' म्हणतो ते जुनं डेल्फ्ट पोर्सेलिन नव्हतंच. तो होता पोर्सेलिनचा आभास, तोही फार हुशारीनं केलेला.

गोष्ट सुरू होते समुद्रावर. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळच्या समुद्रात 'सांता कातारिना' नावाचं पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यात रेशीम होतं, तसंच चिनी पोर्सेलिनचा प्रचंड साठा होता. १६०४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा लिलाव झाला आणि युरोपातल्या श्रीमंतांना या पातळ, शुभ्र, टणटण वाजणाऱ्या भांड्यांचं वेड लागलं. दुसऱ्याचं जहाज असं पकडणं कायदेशीर कसं, हे सिद्ध करायचं काम ज्या तरुण वकिलाकडे आलं तो ह्यूगो दे ग्रोट हा डेल्फ्टचाच. मार्क्टवर ज्याच्या पुतळ्यासमोर आपण पाहुण्यांचे फोटो काढतो तो हाच.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टला होती. त्याच शतकात या कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. तर कंपनीच्या जहाजांतून चिनी भांडी येत राहिली. मग चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, १६४४ नंतर तिथे बरीच वर्षं अंदाधुंदी माजली आणि माल येणं रोडावलं. गिऱ्हाईक तयार, माल नाही. ही वेळ डेल्फ्टच्या कुंभारांनी साधली.

त्याच सुमारास डेल्फ्टमधला बीअरचा धंदा मोडकळीला येत होता. बंद पडलेल्या भट्ट्यांच्या मोठ्या इमारती कुंभारांना आयत्या मिळाल्या. जागा घेतली तशी कित्येकांनी पाटीही ठेवून दिली. त्यामुळे कुंभारवाड्यांना 'गुलाब', 'मोर', 'धातूचं भांडं' अशी विचित्र नावं दिसतात. १६५३ साली सुरू झालेला 'दे पोर्सेलेने फ्लेस', म्हणजे 'पोर्सेलिनची बाटली', हा त्यांतला एक. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १६५४ रोजी, गावातल्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि डेल्फ्टचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. तरीही त्या शतकाच्या अखेरीपर्यंत या एवढ्याशा गावात तीसहून अधिक कारखाने भांडी भाजत होते.

अडचण एकच होती. खऱ्या पोर्सेलिनला केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि तेराशे अंशांच्या आसपासची आग लागते. डेल्फ्टकडे यातलं काहीच नव्हतं. इथली माती भाजल्यावर पिवळट तपकिरी होते. मग त्यांनी काय केलं? माती तशीच ठेवली आणि तिला पांढरा अंगरखा घातला.

कथलाचा अंगरखा

त्या पांढऱ्याचं रहस्य कथील आहे. हो, आपलं कल्हईवाल्याचं कथील.

ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना आठवत असेल: पितळेची पातेली अंगणात मांडलेली, भात्यानं फुललेला निखारा, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवलेली चांदीसारखी कल्हई. पितळेत आंबट पदार्थ कळकतो म्हणून आत कथलाचा थर द्यायचा. इथे डेल्फ्टमध्ये कथील भाजून त्याची पांढरी राख करत, ती वाळू, शिसं आणि क्षार यांच्याबरोबर वितळवून काच बनवत, ती काच दळत आणि पाण्यात कालवत. काच मुळात पारदर्शक. पण कथलाचे बारीक कण तिच्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात आणि उजेड परतवतात. म्हणून काच दुधासारखी दिसते. आपल्याकडे कथील धातूच्या रूपात पितळेवर चढलं, इथे राखेच्या रूपात मातीवर. काम दोन्हीकडे तेच, भांड्याच्या अंगाला आतल्या पदार्थापासून वेगळं ठेवणं.

क्रम असा होता. गावची माती, ऱ्हाइनकडून आलेली माती आणि बेल्जियममधल्या डोर्निकची चुनखडीयुक्त माती एकत्र करून धुवायची, गाळायची, निवळायची. चाकावर भांडं घडवायचं, सुकवायचं आणि एकदा भाजायचं. या पहिल्या भाजणीला 'बिस्किट' म्हणतात. बिस्किटासारखंच ते भांडं कडक पण सच्छिद्र असतं. जीभ लावली तर चिकटते. ते पांढऱ्या लेपाच्या पातळ पिठात बुडवलं की मडक्याची भिंत पाणी शोषून घेते आणि पीठ अंगावर बसून राहतं.

आता या कोरड्या, भुसभुशीत पिठावर चित्र काढायचं. रांगोळीवर कुंचला फिरवण्यासारखं हे काम. कुंचला टेकला की रंग शोषला गेला. खोडायची सोय नाही. म्हणून कागदावर नक्षीला सुईनं भोकं पाडत, तो कागद भांड्यावर धरत आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटत. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीसाठी भोकांचा कागद आणि उलथणं वापरतात, अगदी तसंच. मग त्या ठिपक्यांवरून गडद रेघ ओढायची आणि आत फिकट रंग भरायचा. शेवटी वरून पारदर्शक शिशाच्या लेपाचे तुषार उडवत, म्हणजे चिनी भांड्यासारखी चकाकी येई. मग दुसरी भाजणी. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मातीच्या डब्यांत तीन टोकांच्या आधारावर ठेवत. जुन्या बशीच्या पाठीवर तीन बारीक व्रण दिसले तर ते त्याचे.

निळाच रंग का? कारण कोबाल्ट आगीला डगमगत नाही. बाकीचे बहुतेक रंग त्या तापमानाला उडून जायचे किंवा मातकट व्हायचे. गंमत म्हणजे भट्टीत जाताना कोबाल्ट निळा नसतोच, काळपट करडा असतो. निळा होतो तो आगीत, काचेत विरघळल्यावर. चित्रकार दिवसभर काळ्या रंगात निळं चित्र काढत असतो.

आज त्याच 'पोर्सेलेने फ्लेस'मध्ये, ज्याला आपण रॉयल डेल्फ्ट म्हणून ओळखतो, पद्धत थोडी वेगळी आहे. माती पांढरी असते, चित्र बिस्किटावरच काढतात आणि लेप वरून देतात. भट्टीत जाताना लेपाखाली चित्र पूर्ण झाकलेलं असतं. आगीत लेप पारदर्शक होतो आणि निळं चित्र वर येतं. हाती रंगवणारे चित्रकार तिथे काम करताना बघता येतात. पाहुण्यांना चुंबक घेण्याआधी तिथे न्या.

आजोबांचा आवा

डच भाषेत कुंभाराला 'पॉटनबाकर' म्हणतात, शब्दशः मडकी भाजणारा. आपला कुंभार म्हणजे कुंभ करणारा. त्यांनी नाव आगीवरून दिलं, आपण हातावरून. पण आपणही मडकं 'भाजतो'च, भाकरीसारखं. आणि भट्टीला इथे म्हणतात 'ओव्हन'. आमच्या घरात तिला 'आवा' म्हणत. पहिल्यांदा हा शब्द वर्गात ऐकला तेव्हा मला क्षणभर वाटलं, बाई मराठी बोलताहेत.

आजोबांचा आवा कसा होता हे मी वडिलांकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं. तळ्यातली माती आणायची, भिजवायची, तुडवायची, तिच्यात राख आणि गाढवाची वाळलेली लीद मिसळायची. लीद का, तर ती आत जळून जाते आणि बारीक छिद्रं सोडते. त्यामुळे मडकं तडकत नाही आणि माठातलं पाणी पाझरून गार होतं. चाकावर निम्मं घडवून उरलेलं आतून गोटा आणि बाहेरून थापटणं धरून ठोकून मोठं करायचं. वाळलं की कावेचा हात. मग उघड्यावर खळगा करून मडक्यांचा ढीग, त्यात आणि भोवती शेणी, पालापाचोळा, वरून फुटक्या खापऱ्या आणि राख. संध्याकाळी आवा लावायचा तो रात्रभर धुमसायचा. हवा मिळाली तर मातीतलं लोखंड तांबडं होतं; राखेनं दाबून हवा कोंडली तर तेच लोखंड काळं होतं. तांबडा माठ आणि काळं मडकं यांत मातीचा फरक नाही, हवेचा आहे.

अशा आव्यात उष्णता साधारण सात-आठशे अंशांपर्यंत जाते. भांडी एकमेकांना टेकलेली, मध्ये राख उडतेय. तिथे काचेचा लेप टिकणार नाही, भांडी चिकटून बसतील. आणि लेपाची गरजही नव्हती. माठाला लेप दिला तर पाणी गार व्हायचं नाही. जिथे आंबट-खारट टिकवायचं तिथे कल्हईची पितळी भांडी होती किंवा बाजारातली चिनी मातीची बरणी होती.

महाराष्ट्रात लेप दिलेली कलाकुसरीची भांडी झालीच नाहीत असं मात्र नाही. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग काढला, सिंधमधून लेपाचं काम जाणणारे कारागीर आणले आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी काढून घेतली. ती भांडी विलायतेत नावाजली गेली. गावच्या कुंभारापर्यंत मात्र त्यातलं काही पोचलं नाही.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. लेप दिलेलं भांडं टिकतं, वारशानं जातं, भिंतीवर टांगतात. लेप नसलेलं मडकं फुटतं, झिरपतं, मातीत जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागतं. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातला घट, लग्नातले कलश, दिवाळीच्या पणत्या आणि शेवटच्या प्रवासाचं मडकं. बारा बलुतेदारांत कुंभाराची जागा या फुटण्यावर उभी होती. मडकी द्यायची आणि सुगीला खळ्यावर ठरलेलं धान्य घ्यायचं. डेल्फ्टचा कुंभार न फुटणाऱ्या वस्तूचं कौतुक विकत होता. माझे आजोबा फुटणाऱ्या वस्तूच्या भरवशावर जगत होते.

मंगळवारची संध्याकाळ

चार वर्षांपूर्वी मी घराजवळच्या एका लहान स्टुडिओत मंगळवारच्या वर्गाला नाव घातलं. आठ जण, एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, विजेची दोन चाकं आणि एक विजेची भट्टी. वर्गात जे शिकलो त्यातलं मूलभूत थोडं इथे देतो, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांना मुलांना घेऊन हे करून बघायचं आहे.

पहिलं, वाळवणं. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा-बारा टक्के आक्रसते. कडा आधी वाळते, तळ मागून. म्हणून भांडं प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवायचं. गालाला लावलं आणि गार लागलं तर आत अजून पाणी आहे. ते तसंच भट्टीत गेलं तर वाफ होते आणि भांडं फुटतं.

दुसरं, बिस्किट भाजणी. सुरुवातीचे काही तास भट्टी फार हळू चढवतात. शंभर अंशांपर्यंत उरलेलं पाणी जातं. पुढे साडेतीनशे ते सहाशेच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी सुटतं, आणि इथून परतीचा रस्ता बंद होतो. कच्चं मडकं पाण्यात टाकलं तर पुन्हा चिखल होईल. हा टप्पा ओलांडला की कधीच नाही. ५७३ अंशांना मातीतल्या गारेचे कण अचानक फुगतात, निवताना तिथेच आकसतात. चढताना आणि उतरताना तिथून हलक्या पावलांनी जावं लागतं. हजार अंशांच्या आसपास थांबायचं.

संत गोरोबा काकांनी थापटण्यानं डोकी तपासून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या बाईंना गोरोबा ठाऊक नाहीत, पण त्या प्रत्येक बिस्किट बोटानं टिचकी मारून ऐकतात. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर आत तडा. तेरच्या कुंभाराची परीक्षा डेल्फ्टमध्ये अजून चालू आहे.

तिसरं, लेप. लेप म्हणजे भांड्याच्या मापाची काच. तिचे तीन भाग. वाळूतली सिलिका ही मूळ काच, पण एकटी वितळायला सतराशे अंश लागतात. म्हणून दुसरा भाग द्रावक, म्हणजे तिला लवकर वितळवणारा: शिसं, सोडा, बोरॉन, चुना. तिसरा भाग थोडी माती, म्हणजे वितळलेला लेप ओघळून खाली येणार नाही. बिस्किट ओल्या स्पंजनं पुसायचं, कारण धुळीवर लेप धरत नाही. चिमट्यात धरून दोन-तीन सेकंद बुडवायचं. तळाला आधीच मेण लावायचं. तिथे लेप राहिला तर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल.

चौथं, दुसरी भाजणी. तांबड्या मातीला साधारण एक हजार पन्नास, दगडी मातीला बाराशे वीस ते बाराशे ऐंशी. दगडी मातीत भांड्याची भिंतच घट्ट मिटते. तांबड्या मातीत लेपाखाली छिद्रं राहतात. आणि मग संयम. भट्टी शंभर अंशांच्या खाली उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. गार वारा लागला की लेप बारीक टिणटिण करत भेगाळतो. काचेचं आकसणं आणि मातीचं आकसणं जमलं नाही तर असंही होतं.

पाचवं आणि आपल्यासाठी महत्त्वाचं: लोणचं. जुन्या लेपात शिसं असायचं, आणि आंबट पदार्थ ते हळूहळू ओढून घेतो. युरोपात १९८४ सालापासून अन्नाच्या भांड्यांतून किती शिसं आणि कॅडमियम सुटू शकतं यावर मर्यादा आहे. म्हणून रविवारच्या जुन्या बाजारात मिळालेली सुंदर वाटी भिंतीवर ठेवा, कैरीचं लोणचं तिच्यात घालू नका. त्याच बाजारात कधी 'क्योल्से पॉट' दिसेल, करडा, जाडजूड, निळ्या फुलाचा, संत्र्याच्या सालीसारख्या अंगाचा. इथल्या आज्या त्यात मीठ घालून कोबी आणि शेंगा मुरवायच्या. त्याच्या लेपात शिसं नाही. भट्टी पूर्ण तापल्यावर आत चक्क मीठ फेकत. मिठाची वाफ मातीतल्या सिलिकेला भिडली की भांड्याच्या अंगावरच काच तयार होई. मिठानं लेपलेल्या भांड्यात मीठ घालून मुरवणं! आपली चिनी मातीची बरणी या पॉटची बहीणच म्हणायची. तीही दगडी मातीची, तीही खार सोसणारी.

बाबा डेल्फ्टला आले तेव्हा

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वडील तीन महिन्यांसाठी आले होते. वय अठ्ठ्याहत्तर. 'पोर्सेलेने फ्लेस'मध्ये ते एका चित्रकार बाईंच्या पाठीशी बराच वेळ उभे राहिले. मग दुकानात एक बशी उलटी केली. मला वाटलं, गुणाकार सुरू. पण ते पाठीवरच्या खुणा बघत होते. मी सांगितलं: ही बाटलीची खूण कारखान्याची, ही अक्षरं वर्षाची, आणि ही बारीक अक्षरं ज्यानं रंगवलं त्याची.

"ज्यानं केलं त्याची?" त्यांनी विचारलं.

"हो. नाव नाही, आद्याक्षरं."

ते काही बोलले नाहीत. परतताना एक नंबरच्या ट्राममध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आबांनी किती मडकी केली असतील रे आयुष्यात? निम्म्या तालुक्याच्या चुलीवर होती. एकावर तरी खूण आहे का?" जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "गावजेवणाला आमची पंगत शेवटची असायची. मडकी मात्र पहिल्या पंगतीला आमचीच लागायची." मला एवढं त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी मी त्यांना वर्गाला नेलं. विजेच्या चाकाकडे बघून म्हणाले, "हे दमतच नाही. आमचं चाक काठीनं फिरवायचं, ते मंदावायच्या आत मडकं उतरलं पाहिजे." चाकाला त्यांनी हात लावला नाही. पण मातीचा गोळा घेतला, चिमटीनं फिरवत पणती केली, ओल्या फडक्यानं काठ गुळगुळीत केला आणि चोचीसाठी अंगठा दाबला. बाई बघत राहिल्या. चाक सोडून त्यांना साठ वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी बारा पणत्या केल्या. बारा एका मापाच्या.

वाद झाला तो लेपावरून. बाईंचं म्हणणं, लेप द्या, नाहीतर तेल झिरपेल. बाबांचं म्हणणं, पणतीला लेप नसतो. आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायची, माती पोटभर पाणी पिते, मग तेल कमी पिते. शेवटी सहांना लेप दिला, सहा तशाच भाजल्या. दिवाळीत दोन्ही शेजारी लावल्या. लेपाच्या पणत्यांत तेल जसंच्या तसं राहिलं आणि खालची फरशी स्वच्छ. बिनलेपाच्या भिजवलेल्यांनी थोडं तेल प्यायलं, बाहेरून ओलसर चकाकल्या, पण रात्रभर जळल्या. दोघांचंही खरं.

मी फोनवर बाबांना म्हटलं, लेपवाल्या पुढच्या वर्षीही येतील कामाला. ते म्हणाले, "तेच तर. मग पुढच्या वर्षी कुंभाराकडं कोण जाणार?"

यावर मी पुष्कळ विचार केला. कारण लेप न देऊनही गावचा कुंभार टिकला नाही. अ‍ॅल्युमिनियम, स्टील, प्लॅस्टिक आलं आणि खळ्यावरचं धान्य बंद झालं. पण लेप देऊन डेल्फ्टचेही टिकले नाहीत. इंग्लंडची हलकी, टिकाऊ, स्वस्त भांडी आली आणि तीसहून अधिक कारखान्यांतला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एकच उरला, तो 'पोर्सेलेने फ्लेस'. तोही मरणपंथालाच होता. १८७६ मध्ये योस्ट थूफ्ट यांनी तो विकत घेऊन हाती रंगवलेलं निळं पुन्हा उभं केलं. १९१९ मध्ये त्याला 'राजेशाही' ही पदवी मिळाली. म्हणजे वस्तू टिकाऊ आहे की फुटणारी, यावर कारागीर वाचत नाही. कोणीतरी ती पुन्हा मागायला लागतं, आणि करणाऱ्याचं नाव तिच्यावर असलं तर मागणं सोपं जातं. डेल्फ्टच्या कुंभाराला ती खूण मिळाली. आबांना कोणी विचारलंच नाही, आणि त्याचं कारण मातीत नव्हतं, पंगतीत होतं. हे माझ्या मुलीनं मला विचारलं तेव्हा मी तिला असंच सांगितलं. ती तेरा वर्षांची आहे, इथल्या शाळेत 'डेल्फ्टचं सुवर्णयुग' शिकते. आपला पणजोबा पॉटनबाकर होता, हे तिनं वर्गात सांगितलं. मी तिच्या वयाचा असताना शाळेत हे कोणाला कळू नये म्हणून जपत असे.

यंदा बाबा प्रवास करू शकत नाहीत. गेल्या चार महिन्यांत मी आणि लेकीनं मिळून चाळीस पणत्या केल्या आहेत, त्यांच्याच मापाच्या, तांबड्या मातीच्या, एकदाच भाजलेल्या, बिनलेपाच्या. भाजण्याआधी प्रत्येकीच्या तळाला आगपेटीच्या काडीनं एक 'ग' कोरला आहे. आबांच्या नावाचं ते पहिलं अक्षर. काडीनं कोरलेलं आहे, लेपावर रंगवलेलं नाही, त्यामुळे पुसणार नाही.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दाराजवळच्या टेबलावर त्या ठेवलेल्या असतील. प्रत्येक घरानं एक घेऊन जावी. आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पुसून घ्या आणि खाली एक बशी ठेवा, थोडं तेल झिरपेलच. फुटली तर कुंडीतल्या मातीत टाका आणि पुढच्या वर्षी मला सांगा. आम्ही पुन्हा करू.